वॉचमनला चहाला बसवणारे नाना

कुरुळीत खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांच्या आधी त्यांच्या भिंती भेटल्या. जिन्याखाली निळ्या रंगात मोठ्या अक्षरांत 'सूचना' असं लिहिलेलं आणि त्याखाली, 'थुंकी तोंडात ठेवा.' नळाजवळ, 'सूचना : नळ घट्ट फिरवून जा.' संडासच्या दारावर, 'सूचना : पाणी भरपूर टाका, मन हलकं होईल.' आणि जिथं कुणी मोटरसायकल लावली की येण्याजाण्याची वाट अडायची, त्या कोपऱ्यात, 'सूचना : गाडी पलीकडं छान राहते.'

माझ्याबरोबर इरफान होता. तो बीडचा, मी नांदेडकडचा, चाकणला येणाऱ्या बसमध्ये ओळख झाली आणि खोली एकत्र घ्यायचं ठरलं. तो गॅरेजात इंजिनकाम करायचा. भिंती वाचून म्हणाला, "भावा, हा मालक एक तर कवी आहे, नाही तर सटकलेला."

तेवढ्यात नाना आले. पांढरी टोपी, अंगात बंडी, हातात रंगाचा ब्रश. मी मूळचाच घाबरट. कुलूप लावलं तरी तीनदा ओढून बघणारा. पहिलाच प्रश्न विचारला, "इथं चोऱ्या वगैरे होत नाहीत ना?"

नाना म्हणाले, "हितं वस्तू जागच्या जागी ऱ्हात्यात."

या उत्तराचा अर्थ काय, याचा विचार मी पुढचे कितीतरी दिवस करत होतो.

मग हळूहळू कळलं. नाना 'नाही' म्हणत नसत. 'नको' म्हणत नसत. जगातली सगळी वाक्यं त्यांनी त्या दोन शब्दांशिवाय बांधायला घेतली होती. पाणी आलं का विचारलं तर म्हणायचे, "संध्याकाळी हाय." खोली रिकामी आहे का विचारलं तर, "भरल्यात." काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, चहा विचारला आणि नको असला तर, "पोट भरलंय." त्यांनी पुण्यात कुठल्याशा शिबिरात संमोहन शिकून घेतलं होतं, आणि तिथं त्यांना एक गोष्ट पटली होती, की माणसाच्या आतल्या मनाला 'नाही' हा शब्द ऐकू येत नाही. 'घाबरू नको' म्हटलं की आत पोचतं ते फक्त 'घाबर'. म्हणून भिंतीवरच्या 'थुंकू नये', 'लावू नये' अशा सगळ्या ओळी त्यांनी स्वतः खरवडून काढल्या होत्या. संमोहनात समोरच्याला जे सांगतात त्याला 'सूचना' म्हणतात, हेही तेव्हाच समजलं. म्हणजे आम्ही ज्याला घरमालकाचे नियम समजत होतो, तो चालू इलाज होता. सगळ्या भाडेकरूंवर, येताजाता.

शिबिराचं प्रमाणपत्र त्यांच्या पडवीत लावलेलं होतं. त्यात आडनाव चुकलेलं. ते दुरुस्त करून आणायचं म्हणजे 'हे बरोबर नाही' असं म्हणावं लागलं असतं. ते तसंच राहिलं.

काकी मात्र 'न्हाई' भरपूर वापरायच्या, दोघांच्या वाटचं. एकदा पडवीत शेंगा फोडता फोडता मला म्हणाल्या, "वावर मागायला मानसं आली, तवा 'न्हाई' म्हनायचं व्हतं. तवा तोंडातनं फुटलं न्हाई. आता समदं गेल्यावर 'न्हाई'च बंद केलंय. काय म्हनायचं ह्या मानसाला?"

नाना शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "शेंगा चांगल्या भरल्यात."

नानांची मनाची समजूत सगळी कंपनीतून आलेली होती. गंमत म्हणजे आयुष्यात एक दिवसही त्यांनी कंपनीत काम केलं नव्हतं. गेटातून जेवढं दिसतं तेवढंच बघितलेलं. ते म्हणायचे, "मानसाचं मन तीन जाग्याला असतं. पयलं गेटवर. त्यो वॉचमन. पास बघतो, नाव लिवतो, हुज्जत घालतो. आपन ज्याला 'मी, मी' म्हनतो ना, त्यो ह्यो वॉचमन. त्याच्या आत शॉप, मशिनी चालत्यात त्ये. तितं काम आपसूक चालतं. सायकल मारनं, जेवताना घास तोंडालाच जानं, समदं शॉपमधलं. आनि खाली स्टोअर. तितं काय काय पडलंय, मालकालाबी इसार पडलाय."

"मग संमोहन म्हणजे वॉचमनला झोपवायचं?" मी विचारलं.

"बसवायचं," नाना म्हणाले. "चहाला बसवायचं. झोपला तर चोरी हुती. चहाला बसला म्हंजे त्याचं ध्यान गेटवर ऱ्हातं, पर हुज्जत थांबती. तेवढ्यात आपन आत सांगावा धाडायचा."

मी शाळा आठवीत सोडलेला माणूस. मोठ्या पुस्तकांत हे कसं लिहिलेलं असतं मला ठाऊक नाही. पुढं एकदा मोबाइलवर शोधलं तर कुणी लिहिलं होतं, की आतल्या मनाला 'नाही' कळत नाही ही नुसती समजूत आहे. असेलही. पण मन म्हणजे काय हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. वॉचमन म्हटल्यावर मला ते एकदम दिसलं. माझा वॉचमन कुलूप तीनदा ओढणारा होता, एवढंच.

शाळेवरूनही ते मला एकदा बोलले. मी म्हणालो, "आठवीत शाळा सोडली." नाना म्हणाले, "सुटली म्हन. सुटली म्हंजे घंटा झाली. सुटल्याली शाळा परत भरती." तेव्हा मी हसलो. आज हे लिहायला बसलोय, तर ते हसू आठवतं.

शब्दांवरून त्यांचं एक लाडकं भाषण होतं. आपल्या घरातल्या बायांना संमोहन आधीपासून येतं, असं ते म्हणायचे. "मीठ सरलं तर ही काय म्हनती? 'मीठ वाढलंय.' बांगडी फुटली तर? 'वाढवली.' दुकान बंद करताना वानी म्हनतो, 'वाढवलं.' कुनी शिकवलं? आत काय पोचवायचं ते त्यास्नी ठावं हाय." आणि खोलीतून बाहेर पडताना चुकून 'जातो' म्हणालो की मला उंबऱ्यावरून परत बोलवायचे. "येतो म्हन. येतो म्हटलं की आत नोंद हुती, हे मानूस यायचं हाय."

"या," असं ते मग स्वतःच उत्तर द्यायचे, तेव्हा कुठं मला कामावर जाता यायचं. ऐन बसच्या वेळेला.

गणपतीत मंडळाच्या पोरांनी नानांचा संमोहनाचा कार्यक्रम ठेवला. नाना इस्त्रीचा सदरा घालून आले, हातात ओळंबा. खोल्या बांधताना गवंडी विसरून गेलेला. दोरीला पितळेचा गोळा, तोच ते डोळ्यांपुढं हलवायचे. स्टेजवर यायला कुणी तयार होईना, तर इरफानला ढकललं. नाना माइकवर संथ आवाजात म्हणत होते, "तुजा उजवा हात हलका झालाय. कापसावानी. वर चाललाय. वर चाललाय." इरफानचा हात मांडीवर. पोरं फिदीफिदी हसत होती. पहिल्या रांगेत काकी मात्र गाढ झोपल्या होत्या, त्यांची मान शेजारणीच्या खांद्यावर.

बराच वेळ गेला. मग इरफानचा हात हळूहळू वर गेला. टाळ्या पडल्या. नाना इतके खूश झाले, की हात खाली घ्यायची सूचना द्यायची विसरून गेले. आरती सुरू झाली तरी इरफान हात वर करून उभा.

"खरंच वर गेला का रे?" मी नंतर विचारलं.

"म्हाताऱ्याचं तोंड पडलं होतं यार," तो म्हणाला. "पण सांगू का? अर्धा मी नेला. अर्धा गेला."

आता माझ्या पायाचं सांगतो.

मी ज्या कंपनीत कंत्राटावर होतो तिथं पत्र्याचे पार्ट बनायचे. पॉवर प्रेसवर काम. पत्रा डायमध्ये, म्हणजे खालच्या साच्यात, ठेवायचा, हात बाहेर घ्यायचा, पायानं पेडल दाबायचं, वरून ठोका पडायचा. दिवसभर तेच. थोड्या दिवसांत हातपाय आपलं आपण करायला लागतात आणि डोकं गावी जाऊन येतं. माझ्या शेजारच्या प्रेसवर संतोष होता. एका सकाळी त्याचा हात आत असताना त्याच्याच पायानं पेडल दाबलं. दोन बोटं गेली. त्याला उचलून नेताना तो ओरडत नव्हता. एवढंच म्हणत होता, "मी दाबलं नाही. मी दाबलं नाही."

ते वाक्य माझ्या कानात राहिलं. दुसऱ्या दिवशी मी प्रेसवर बसलो, पत्रा ठेवला, हात बाहेर घेतला, आणि पाय पेडलवर जाईना. मी पायाला सांगत होतो, तो दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा जमिनीला चिकटलेला. सुपरवायझर म्हणाला, "काय राव, पूजा करतोस का मशीनची?" पोरं हसली. मला पॅकिंगला बसवलं. ठेकेदार येऊन सांगून गेला, सोमवारी प्रेसवर बसलास तर बस, नाही तर मला दुसरा माणूस आणावा लागेल.

दुसरा माणूस म्हणजे मी गावी. गावी आई, आणि कॉलेजात जाणारी बहीण. घरातून बाहेर पडलेला मी एकटा. एकदा परत गेलो तर परत निघायचा धीर माझ्यात येणार नाही, हे मला माझ्या स्वभावावरून माहीत होतं. इरफान म्हणाला, "नानाकडं जा. हसू नको. दुसरं कोण आहे आपल्याला इथं?"

मी गेलो. सकाळची वेळ होती. संतोषचं, माझ्या पायाचं, सगळं सांगितलं. नानांनी मला ज्या खोलीत नेलं तिथं पूर्वी त्यांचं कडबा कापायचं मशीन असायचं. आता तिथं बाज आणि वर पंखा. ओळंबा हलायला लागला. माझे डोळे मिटले, पण वॉचमन काही चहाला बसेना. मला बाहेरचा टेम्पो ऐकू येत होता, काकींच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. शेवटी मी डोळे उघडले.

"नाना, होईना गेलंय. मला भेव वाटायलंय. भीती तेवढी काढून टाका."

नानांनी ओळंबा दोरीसकट गुंडाळला. माझ्या पायाकडं बघत बसले. मग म्हणाले, "काडता येईल. पर भीती गेली की पाय मोकळा. आनि मोकळा पाय काय करतो, ते संतोषला इचार." उठले, वहाणा घातल्या. "चल."

रोज पहाटे नाना फिरायला जातात हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. म्हातारा तब्येत राखून आहे, असं आम्ही म्हणायचो. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर चाललो. गावातून बाहेर, पत्र्याच्या शेडांच्या मधून, ट्रक उभे असतात त्या रस्त्याला लागून, थेट एका कंपनीच्या कंपाउंडच्या भिंतीपाशी. माझ्याच कंपनीच्या. मागच्या बाजूला. नानांनी भिंतीवर तळवा टेकवला.

"हे माजं वावर," ते म्हणाले. "पोरगा म्हनला, समदे देत्यात, आपनबी देऊ. दिलं. ह्या हातानं सही केली. वॉचमनला समदं ठावं हाय, कागद त्यानंच वाचला. दुसऱ्या दिशी झुंजूमुंजूला उठलो, आनि चालाय लागलो. पान्याची पाळी व्हती ना सकाळची. अर्ध्या वाटंत कळलं. परत फिरलो. तिसऱ्या दिशी परत तेच. भिंत झाली, तरी तेच. त्यासाठनं मी शिबिराला गेलो. म्हटलं पायाला समजावता आलं तर बघू."

"मग?"

"वावर दिलं, हे पायाला कुनी सांगितलंच न्हाई."

मी चमकलो. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून कुणी तो शब्द ऐकला नसेल. नानांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी भिंतीवरून हात काढला. माझा पाय उचलत नव्हता आणि त्यांचा थांबत नव्हता. आम्ही दोघं भिंतीपाशी उभे. मला एकदम वाटलं, यांना हे विचारणारा मी पहिलाच असेन. घराच्या भिंतींवर एवढं लिहून ठेवलं, ते सगळं दुसऱ्यांसाठी.

मग त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "तुजं मशीन कोन्या अंगाला?"

मी सांगितलं. दुसरी शेड, पाण्याच्या टाकीच्या अलीकडं.

त्यांनी डोळे बारीक करून भिंतीपलीकडं मोजल्यासारखं केलं. "म्हंजे हिरीच्या वरच्या अंगाला. कांद्याचं वावर. माती लई गुनाची." आणि माझ्याकडं बघून हसले. "मंग तू हितंबी माज्याच जाग्यात हायेस की."

भिंतीजवळ एक दगड होता, त्यावर मला बसवलं. ओळंबा घरीच राहिला होता. ते नुसतं बोलत होते. डोळे मीट. तू मशीनपाशी बसला हायेस. पायाखाली काय हाय ते बघ. कोबा हाय. त्याच्याखाली मुरूम. त्याच्याखाली माजी माती. पाय मातीवर हाय. भीतीला हितंच बसूदे. वॉचमनच्या शेजारी स्टूल टाक तिला. ती कामावर हाय. ती बघंल. हात बाहेर. मग पाय. ती म्हनंल, हात बाहेर. तू म्हन, मग पाय.

मला झोप लागली नव्हती. सगळं ऐकू येत होतं. ट्रकचा हॉर्नसुद्धा. फक्त हुज्जत थांबली होती.

प्रेसवर आमच्या कंपनीचीही एक सूचना लावलेली होती : 'हात डायमध्ये घालू नये.' सोमवारी मी तिच्यासमोर बसलो. सुपरवायझर मागं उभा. पत्रा ठेवला. कोब्याखालच्या मातीचा विचार केला. भीती होतीच, शेजारी बसलेली, डोळे वटारून. हात बाहेर, ती म्हणाली. मग पाय, मी म्हणालो. ठोका पडला.

संध्याकाळी इरफाननं विचारलं, "गेला का पाय?"

"अर्धा मी नेला," मी म्हणालो. तो एवढा हसला की काकी बघायला बाहेर आल्या.

नानांना सांगितलं तेव्हा ते नळाजवळची अक्षरं परत गिरवत होते. मी पाया पडायला वाकलो, तर ते पाय मागं घेत म्हणाले, "पायाला हात लाव, पर डोळे उघडे ठेव. रंग सांडंल." मला रडू येत होतं आणि त्यांना डब्याची काळजी.

आज मी तिथं राहत नाही. लग्न झाल्यावर चाकणला खोली घेतली, बहिणीला नोकरी लागली. बाहेरून दहावीचा अर्ज भरला तेव्हा बायकोला म्हणालो, शाळा परत भरली. ती म्हणाली, कुणाची? मग तिला हे सगळं सांगावं लागलं. कंपनीत आता नव्या प्रेसवर दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय ठोका पडत नाही. पायाला काम नाही. तरी माझ्या तोंडात 'हात बाहेर, मग पाय' आहेच. नवीन पोरं विचारतात, "भाऊ, कसला जप चाललाय?"

गेल्या हिवाळ्यात एकदा जेवणाच्या सुट्टीत गेटवरचा सिक्युरिटीवाला मला शोधत आला. "तुमच्या ओळखीचे एक बाबा मागच्या भिंतीला आहेत म्हणे. त्यांचा मुलगा तुमचं नाव घेतोय."

नाना विसरायला लागलेत हे इरफानकडून कळलं होतं. त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर गेटवर आता कुणी नव्हतं. पायांत वेगवेगळ्या वहाणा, टोपी हातात. मुलगा रडकुंडीला आला होता. "नाना, किती वेळा सांगू, आपलं वावर नाही आता इथं! नाही! चला घरी." सिक्युरिटीवाला म्हणत होता, "बाबा, आत सोडता येत नाही." जमलेल्या लोकांपैकी जो तो 'नाही' म्हणत होता, आणि प्रत्येक 'नाही'ला नाना भिंतीला आणखी घट्ट धरत होते. "पान्याची पाळी हाय," एवढंच त्यांचं चाललेलं.

मी जवळ गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

"नाना, पाणी पोचलंय कांद्याला."

ते वळले. "कुनी दिलं?"

"मीच दिलं. मी तिथंच बसतो, विहिरीच्या वरच्या अंगाला."

"वरच्या वाफ्याला?"

"वरच्याला पण. सगळं भिजलंय."

त्यांचा हात सैल झाला. माझ्या तोंडाकडं बघत राहिले, पण ओळख काही लागली नाही. मग त्यांची नजर खाली गेली, माझ्या सेफ्टी शूजवर.

"उचलतोय का?" त्यांनी विचारलं.

"उचलतोय, नाना."

"ब्येस."

मुलानं गाडी पुढं घेतली. मी नानांना धरून बसवायला लागलो, तर ते मला बाजूला करून परत भिंतीपाशी गेले. तळवा टेकवला, जसा त्या दिवशी टेकवला होता.

"येतो," ते म्हणाले.

आतून जेवणाची सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. नाना तसेच उभे. मग माझ्या ध्यानात आलं, ते कशासाठी थांबलेत. या बाजूला उत्तर द्यायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

"या," मी म्हणालो.